निजवायचे की बसवायचे? हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची गोष्ट

एप्रिल महिना होता आणि रमजान चालू होता. सकाळची प्रार्थना संपली होती, पण त्या दिवशी काही सूचना द्यायच्या होत्या, बक्षिसे वाटायची होती, म्हणून मुले मैदानातच उभी होती. कोकणातले ऊन साडेआठलाच चटके देऊ लागते. आठवीच्या रांगेतून एकदम गलका झाला. एक मुलगी उभ्या उभ्या कोसळली होती.

आम्ही धावलो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता. अशा वेळी बहुतेक लोक जे करतात तेच आम्हीही केले. दोन शिक्षिकांनी तिला काखेत धरून उचलले, आम्ही खुर्ची आणली, तिला खुर्चीत बसवले आणि मान कलंडू नये म्हणून मागून धरून ठेवले. पण ती शुद्धीवर येईना. उलट तिचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. कुणी म्हणाले फिट आली, कुणी कांदा हुंगवायला सांगितला.

आमच्या शाळेचे शिपाई फौजेतून निवृत्त झालेले. सगळी शाळा त्यांना मामू म्हणते. ते गर्दी सारून आत आले आणि ओरडले, "सर, पोरीला खाली निजवा! बसवून काय ठेवलंय तिला?" त्यांनी सतरंजी अंथरली, मुलीला सावलीत आडवे केले आणि तिच्या पायांखाली चार दप्तरे रचली. बाकी काही नाही. मिनिटभराच्या आत तिच्या ओठांवर रंग आला, तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, माझा रोजा तुटला का?"

नंतर कळले की झोप लागल्यामुळे तिची सहरी चुकली होती. आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोटही पोटात नव्हता. मामू म्हणाले, "परेडला उभे असताना जवान असेच पडतात सर. आमचे उस्ताद सांगायचे, बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा."

आम्ही त्या दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की केली. माणसाला बरे वाटेनासे झाले की त्याला निजवायचे आणि पाय वर करायचे. उर्दूत एक म्हण आहे, नीम हकीम खतरा-ए-जान. अर्धवट वैद्य म्हणजे जिवाला धोका. ती म्हण आम्ही वर्गात किती तरी वेळा समजावून सांगितली होती. तिचा खरा अर्थ आम्हाला त्याच वर्षीच्या थंडीत समजला.

अब्बांच्या उशा

आमच्या अब्बांना त्या वेळी बहात्तरावे वर्ष चालू होते. काही वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, पण औषधे चालू होती आणि आम्ही निर्धास्त होतो. दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजू लागले. संध्याकाळी चप्पल बसत नसे, मोजे काढले की पोटरीवर खोल वळ दिसे. रात्री ते एकाऐवजी दोन उशा घेऊ लागले, मग तीन. कधी मध्यरात्री उठून खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसत आणि खिडकी उघडत. विचारले तर म्हणत, "आडवा झालो की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं."

आम्हाला वाटले, वय झाले, झोप कमी झाली. आम्ही त्यांची थट्टाही केली की अब्बांना आता नवाबासारख्या उशा लागतात. आणि एका रात्री आम्ही आमची नवी विद्या वापरली. म्हटले, "अब्बा, बसून बसून पायात सूज उतरते. नीट आडवे व्हा, पाय वर ठेवा." डोक्याखालच्या दोन उशा काढल्या आणि त्यांच्या पायांखाली ठेवल्या. मुलाचे मन राखायला ते काही न बोलता झोपले.

रात्री दोनला अम्मींच्या हाकेने आम्हाला जाग आली. अब्बा उठून बसले होते, दोन्ही हात खाटेवर रोवून श्वासासाठी झगडत होते. ओठ काळेनिळे पडले होते, छातीतून बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. रुग्णवाहिका आली, दवाखान्यात प्राणवायू लावला, लघवी साफ होण्याचे इंजेक्शन दिले. पहाटे फजरच्या अजानच्या सुमारास त्यांचा श्वास शांत झाला.

डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला, "चाचा किती उशा घेऊन झोपतात?" आम्ही खाली मान घालून रात्रीचा सगळा प्रकार सांगितला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, त्या मुलीच्या हृदयाला परत येणारं रक्त कमी पडत होतं. चाचांच्या हृदयाला ते जास्त होत होतं. तुम्ही दोघांना एकच औषध दिलंत."

आमचे विषय उर्दू आणि मराठी, विज्ञान नव्हे. पण त्या वाक्याने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. विज्ञानाच्या मॅडमकडून पुस्तके मागून आणली, डॉक्टरांना वेळोवेळी प्रश्न विचारले. जे समजले ते वाचकांसमोर ठेवत आहोत, कारण हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे असे आम्हाला मनापासून वाटते.

विहिरीत असेल तेवढेच पाणी

हृदय हा पंप आहे, हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे आपली समजूत अशी होते की सगळी ताकद पंपाची, रक्त बिचारे ढकलले जाते. पण मे महिन्यात ज्यांच्या विहिरीने तळ गाठला आहे त्यांना ठाऊक आहे की मोटर कितीही ताकदीची असो, विहिरीत झरा जेवढे पाणी देईल तेवढेच ती वर चढवते. हृदयाचेही तसेच आहे. शिरांमधून जेवढे रक्त परत येते तेवढेच ते धमन्यांत पुढे पाठवू शकते.

थोडा हिशेब करू. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर सुमारे ५ लिटर झाले. गंमत अशी की शरीरात एकूण रक्तच साधारण ५ लिटर असते. म्हणजे जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून हृदयाकडे परत येते. दिवसाचा हिशेब केला तर ७००० लिटरच्या वर जातो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात वेळा भरावी इतके काम ही साधारण ३०० ग्रॅमची मांसपेशी चोवीस तासांत करते.

आणि या रक्ताचा साठा कुठे असतो? धमन्यांत नव्हे. कोणत्याही क्षणी निम्म्याहून बरेच अधिक रक्त शिरांमध्ये असते. शिरांच्या भिंती पातळ आणि सैल, त्यामुळे त्या फुगतात आणि रक्त साठवून ठेवतात. आपण निजलेले असताना सरळ उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तेवढे रक्त काही क्षण हृदयाच्या हातून निसटते. निरोगी शरीर लगेच शिरा आवळून आणि ठोके वाढवून ते सावरते. पण ऊन असेल, अंगात पाणी कमी असेल आणि माणूस पुतळ्यासारखा उभा असेल, तर सावरता येत नाही. परत येणारे रक्त कमी, म्हणून पुढे जाणारे कमी, म्हणून मेंदूला कमी. माणूस कोसळतो.

कोसळणे हाच एका अर्थाने उपाय असतो. आडवे झाले की पायांतले रक्त चढण न चढता हृदयाकडे येते. आम्ही त्या मुलीला उचलून खुर्चीत बसवले तेव्हा हा उपायच काढून घेतला होता. तिला आलेले झटके मेंदूला रक्त न पोहोचल्याचे होते, फिटचे नव्हते.

जास्त आले तर जास्त जोराने

इथपर्यंत विहीर आणि मोटर ही तुलना चालते. पुढची गोष्ट मात्र कुठल्याच मोटरला जमत नाही. परत येणारे रक्त वाढले की हृदय आपोआप जास्त जोराने आकुंचन पावते. त्याला मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

डॉक्टरांनी हे आम्हाला गलोलीच्या उदाहरणाने समजावले. गलोलीचे रबर थोडे ताणले तर खडा जवळ पडतो, जास्त ताणले तर लांब जातो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, ज्यांना पुस्तकात निलय म्हणतात, जास्त रक्त आले की त्यांच्या भिंतींचे तंतू ताणले जातात आणि पुढचा ठोका अधिक जोरदार पडतो. तंतूंच्या आत दोन प्रकारचे बारीक धागे असतात, एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत तसे. आकुंचन म्हणजे हे धागे एकमेकांत सरकणे. बोटे आधीच तळाशी भिडली असतील तर सरकायला जागा उरत नाही. थोडी बाहेर ओढलेली असतील तर सरकायला जागा मिळते. शिवाय ताणलेले तंतू, आकुंचनाचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात.

ही सोय का हवी? पुन्हा एक हिशेब पाहा. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांना रक्त देते, डावी बाजू सगळ्या शरीराला. समजा उजव्या बाजूने डावीपेक्षा दर ठोक्याला फक्त १ मिलिलिटर जास्त दिले. मिनिटाला ७२ मिलिलिटर, तासाला ४ लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत तुंबेल आणि माणूस जगणार नाही. असे होत नाही, कारण डाव्या बाजूकडे थोडे जास्त आले की ती ताणली जाते आणि तेवढे जास्त पुढे ढकलते. दोन्ही बाजूंचा हिशेब ठोक्याठोक्याला जुळतो, आणि हे जन्मभर चालते.

हे कुणी शोधले?

हृदयाकडे रक्त परतते, ही गोष्टच माणसाला फार उशिरा कळली. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या काळापासून शेकडो वर्षे असा समज होता की रक्त यकृतात तयार होते आणि शरीरात खर्च होऊन जाते, आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ते उजवीकडून डावीकडे झिरपते. तेराव्या शतकात दमास्कसला शिकलेल्या आणि कैरोमध्ये वैद्यकी केलेल्या इब्न अन्-नफीस यांनी इब्न सीनांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना हे नाकारले. या पडद्यात वाट नाही, रक्त उजव्या बाजूने फुप्फुसांत जाते आणि तिथून डाव्या बाजूला येते, असे त्यांनी लिहिले. एवढ्या मोठ्या आचार्याच्या ग्रंथावर भाष्य करताना चूक तिथे चूक म्हणण्याचे धाडस त्यांनी दाखवले. पुढे त्यांचे हे लेखन विस्मृतीत गेले. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात ते पुन्हा शोधून काढले.

मात्र इब्न अन्-नफीस यांनी फुप्फुसांपुरता मार्ग सांगितला. सगळ्या शरीरातून रक्त फिरून हृदयाकडे येते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले. त्यांची एक युक्ती हिशेबाचीच होती. तासाभरात हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते तेवढे अन्नापासून तयार होणे शक्यच नाही, म्हणून तेच रक्त परत येत असले पाहिजे. दुसरा पुरावा शिरांतल्या झडपांचा. हार्वेंचे पादुआचे गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले होते, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना उमगले नव्हते. हार्वेंनी दाखवले की या झडपा रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देतात.

आणि परतणाऱ्या रक्तानुसार हृदयाचा जोर बदलतो, हा नियम? त्याला फ्रँक आणि स्टार्लिंग यांचे नाव आहे. जर्मनीच्या ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले. लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी सहकाऱ्यांसह कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे शरीरातल्या नसांपासून वेगळी करून चालू ठेवली, हृदयात येणारे रक्त कमीजास्त केले आणि हृदय स्वतःच त्याच्याशी जुळवून घेते हे मोजून दाखवले. १९१५ मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा नियम मांडला, ते व्याख्यान १९१८ मध्ये छापले गेले. 'हॉर्मोन' हा आज घरोघरी ऐकू येणारा शब्दही १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनीच रूढ केला. त्यांचे आपल्याशी एक नाते आहे. त्यांचे वडील मुंबईत 'क्लार्क ऑफ द क्राउन' या पदावर नोकरीला होते आणि कुटुंब इंग्लंडमध्ये. वडील काही वर्षांतून एकदा घरी येत. आखाती देशांत कमावणारे बाप ज्या कोकणी घरांत आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अमेरिकेचे आर्थर गायटन यांनी पुढे या सगळ्याचे गणित मांडले. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. १९४६ मध्ये पोलिओने ते स्वप्न मोडले, तेव्हा ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. १९५६ मध्ये निघालेला त्यांचा ग्रंथ आपल्याकडचे वैद्यकीय विद्यार्थी आजही वाचतात. त्यांचे सांगणे असे की निरोगी माणसात हृदय किती रक्त देईल हे मुख्यतः परत येणारे रक्त ठरवते, हृदयाची स्वतःची ताकद नव्हे. त्यामुळेच नुसते ठोके वाढून फारसा फायदा होत नाही. ठोके अतिशय वाढले तर दोन ठोक्यांमध्ये भरायलाच वेळ मिळत नाही, आणि हृदय धडधडत असूनही रक्त कमी जाते.

अरबीत हृदयाला 'कल्ब' म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ उलटणे, पालटणे. 'इन्किलाब' हा शब्दही त्याच घराण्यातला. हा सगळा विषय वाचताना आम्हाला हा शब्द सारखा आठवत होता.

रक्त चढण कशी चढते?

पायाच्या तळव्यापासून छातीपर्यंत रक्ताला वर यायचे असते. त्याला मदत करणारे तिघे आहेत.

पहिली मदत पोटऱ्यांची. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. मामूंच्या उस्तादांचा बुटातल्या बोटांचा सल्ला याच विद्येतला.

दुसरी मदत श्वासाची. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि पोटातला वाढतो, त्यामुळे रक्त छातीकडे ओढले जाते. याउलट श्वास कोंडून जोर लावला तर परतणारे रक्त अडते. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांना शौचाच्या वेळी घेरी येते ती यामुळे.

तिसरी मदत शिरांच्या भिंतींची. गरज पडली की त्या आवळतात आणि साठ्यातले रक्त पुढे देतात. काही औषधे, विशेषतः रक्तदाबाची, ही आवळण्याची क्रिया कमी करतात. म्हणून ती घेणाऱ्यांनी झटकन उठू नये.

घरात मुलांना एक साधा प्रयोग दाखवता येतो. हात एक मिनिट खाली लोंबकळत ठेवा, मनगटामागच्या शिरा फुगून दिसतील. आता हात डोक्याच्या वर उचला, त्या बघता बघता रिकाम्या होतील. मुलीच्या पायांखालच्या चार दप्तरांनी हेच केले होते.

आणि अब्बांच्या हृदयात काय झाले?

गलोलीचे जुने, सैल पडलेले रबर आठवा. कितीही ताणा, खडा समोरच पडतो. झटक्यानंतर अब्बांच्या हृदयाचा काही भाग कमकुवत झाला होता. निरोगी हृदयाकडे जास्त रक्त आले की ते जास्त देते. त्यांचे हृदय फक्त फुगत होते, द्यायचे तेवढेच देत होते. उरलेले रक्त मागे तुंबत होते. डाव्या बाजूच्या मागे फुप्फुसे असतात, म्हणून धाप. उजव्या बाजूच्या मागे सगळे शरीर असते, म्हणून पायांना सूज. शिवाय मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचले की ती समजतात, शरीरात पाणी कमी झाले आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि हृदयावरचा बोजा आणखी वाढवतात.

अब्बा आडवे झाले की दिवसभर पायांत साठलेले रक्त आणि सुजेतले पाणी छातीकडे परत येई. तीन उशा आणि खाटेवरून खाली सोडलेले पाय, हा त्यांच्या शरीराने शोधलेला इलाज होता. तो इलाज आम्ही हिरावून घेतला आणि वर पायांखाली उशा ठेवून तुंबलेल्या विहिरीत आणखी पाणी सोडले.

दवाखान्यातून सुटताना डॉक्टरांनी आम्हाला वजनकाटा घ्यायला सांगितले. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याच्या आधी वजन करायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, लगेच कळवायचे. जेवणात वरून मीठ नाही. लोणचे, पापड, सुकट आणि खारवलेली मासळी बंद. किती पाणी प्यायचे तेही ठरवून दिले. कोकणी माणसाच्या ताटातून सुकट काढणे किती कठीण, हे वाचकच जाणोत. अब्बांनी तेही सोसले.

घराच्या भिंतीवर लावण्यासारखे दोन नियम

पहिला: चेहरा फिका पडला, घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडला, तर त्याला निजवा आणि पाय वर करा. उचलून बसवू नका, भोवती गर्दी करू नका, शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

दुसरा: धाप लागली आहे, आडवे होववत नाही, छातीत घरघर आहे, पाय सुजलेले आहेत, तर त्याला बसवा आणि पाय खाली सोडू द्या. जबरदस्तीने निजवू नका. ताबडतोब १०८ वर फोन करा.

पहिल्या प्रकारातही मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, पळताना किंवा श्रम करताना शुद्ध हरपली असेल, तर थांबू नका, १०८ ला बोलवा. श्वासच चालत नसेल तर १०८ ला फोन करून छातीवर दाब देणे सुरू करा. हे शिकवणारे वर्ग अनेक ठिकाणी होतात. आपल्या मोहल्ल्यातही एकदा भरवावा.

आणखी काही गोष्टी याच एका तत्त्वातून निघतात. दिवस गेलेल्या बाईने शेवटच्या महिन्यांत उताणे निजू नये. गर्भाशयाचे ओझे पोटातल्या मोठ्या शिरेवर पडते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि तिला गुदमरल्यासारखे होते. डाव्या कुशीवर निजावे. जुलाब-उलट्यांत मीठसाखरेचे पाणी का द्यायचे? कारण विहीरच आटत असते. डेंग्यूचा ताप उतरू लागला की धोका टळला असे समजू नये. त्याच सुमारास काहींच्या रक्तातला पातळ भाग शिरांबाहेर झिरपतो आणि दाब एकदम कोसळतो. हातपाय गार पडले, पोट फार दुखू लागले, सारख्या उलट्या होऊ लागल्या तर दवाखाना गाठावा.

रमजानबद्दल विशेष सांगावेसे वाटते. मुलांची सहरी चुकवू देऊ नका. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहा, एकदम तांब्याभर नको. तरावीहमध्ये उभे असताना अंगाचे वजन पायांवर हलकेच इकडून तिकडे घ्यावे, पायांची बोटे आवळावीत. वृद्धांनी सजद्यातून सावकाश उठावे, घेरी येत असेल तर बसून नमाज पढावी. आणि ज्यांना हृदयाच्या कमजोरीसाठी लघवी साफ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती सवलत घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी पाणी पाजले आणि सांगितले की बाळा, रोजा पुढे पूर्ण करता येईल. ती आता कॉलेजात आहे. शाळेत प्रार्थनेनंतर लांबणाऱ्या सूचना आता वर्गात बसवून दिल्या जातात. हा बदल आम्ही मुख्याध्यापकांकडे मागितला आणि त्यांनी एका शब्दात मान्य केला.

अब्बा त्या रात्रीनंतर तीन वर्षे जगले. एका जुन्या शाळेच्या वहीत ते रोजचे वजन उर्दू आकड्यांत लिहून ठेवत. वजन वाढलेले दिसले की स्वतःच हाक मारत, "अरे, आज पाणी चढलंय बघ." त्या तीन वर्षांत त्यांना एकदाच दवाखान्यात न्यावे लागले. त्या रात्रीच्या उशांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. आम्ही एकदा माफी मागायला बसलो तर म्हणाले, "बेटा, तू प्रेमानंच केलंस. पण आता शिकलायस ना, तर चार घरी सांग."

ती वही अजून आमच्या कपाटात आहे. अब्बांच्या सांगण्यावरूनच हा लेख लिहिला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. आपल्या घरात कुणी वडीलधारे रात्री उशा वाढवत असतील, तर त्यांची थट्टा करू नका. उशा मोजा, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या.